पाल्कच्या उपसागरातील मासेमारीचा वाद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भारत व श्रीलंका यांच्यामधील पाल्कचा उपसागर हा अरुंद आणि उथळ जलभाग आहे. त्याच्या दोन्ही किनाऱ्यांवरील मच्छीमार प्रामुख्याने तमिळभाषक असून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. या दोन देशांतील मासेमारीचा वाद सामान्यतः कच्चतीवू बेटाच्या मालकीशी जोडला जातो. तथापि, हा वाद सीमेपेक्षा मासेमारीच्या साधनांचा अधिक आहे, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

करारांचा कालखंड

१९२१ साली मद्रास व सिलोन सरकारांत मासेमारीच्या हद्दीविषयी कोलंबो येथे वाटाघाटी झाल्या. परंतु त्यांतून अंतिम करार झाला नाही. जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी व सिरिमाओ बंदरनायके यांनी केलेल्या करारान्वये कच्चतीवू श्रीलंकेच्या हद्दीत गेले. भारतीय मच्छीमार व यात्रेकरूंना बेटावर पूर्वीप्रमाणे जाण्याची मुभा राहिली. मात्र मार्च १९७६ मधील पत्रव्यवहाराने एका देशाच्या नौकांनी दुसऱ्याच्या जलक्षेत्रात मासेमारी करू नये, असे ठरले. सागरी सीमा निश्चित झाली. परंतु मासळीचा साठा सामाईकच राहिला.

ट्रॉलरचा प्रसार

याच सुमारास कोळंबीच्या निर्यातीमुळे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलर वाढत होते. समुद्रतळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमुळे लहान मासळीही नष्ट होते. पारंपरिक मच्छीमारांशी संघर्ष वाढल्याने तमिळनाडूने १९८३ च्या कायद्याने यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत मासेमारीस मनाई केली. रामेश्वरमसमोर आंतरराष्ट्रीय सीमा अवघ्या काही सागरी मैलांवर आहे. परिणामी ट्रॉलरना वैध क्षेत्र फारच थोडे उरले.

यादवी युद्ध आणि त्यानंतर

१९८३ मध्ये श्रीलंकेत यादवी युद्ध पेटले. सुरक्षेच्या कारणास्तव उत्तरेकडील मच्छीमारांवर कठोर निर्बंध आले व अनेकजण विस्थापित झाले. त्यांच्या रिकाम्या जलक्षेत्रात भारतीय ट्रॉलर जात राहिले. या काळात गोळीबारात अनेक भारतीय मच्छीमारांचा बळी गेला. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर उत्तरेकडील तमिळ मच्छीमार समुद्रावर परतले, तेव्हा त्यांची जाळी भारतीय ट्रॉलरखाली फाटू लागली. अशा प्रकारे भाषा व संस्कृती एक असलेले दोन समुदाय परस्परांसमोर उभे ठाकले. एकीकडे अटक व नौकाजप्तीचे भय, तर दुसरीकडे युद्धाने आधीच खालावलेल्या उपजीविकेचा ऱ्हास, अशी ही दुहेरी शोकांतिका आहे.

निष्कर्ष

२०१६ मध्ये उभय देशांनी संयुक्त कार्यगट स्थापन केला. २०१७ मध्ये श्रीलंकेने ट्रॉल मासेमारीवर कायद्याने बंदी घातली, तर भारताने ट्रॉलरऐवजी खोल समुद्रातील मासेमारीच्या नौका देण्याची योजना आखली. तरीही अटकेचे प्रसंग थांबले नाहीत. १९७४ व १९७६ च्या करारांनी राष्ट्रांचे अधिकार ठरविले. परंतु मासेमारी कोणी, कोणत्या जाळ्याने व किती करावी हा प्रश्न अनिर्णित ठेवला. कच्चतीवू परत मिळाले तरी तो प्रश्न सुटणार नाही. कारण ट्रॉलर ज्या जलक्षेत्रात जातात, ते त्या बेटाच्याही पलीकडे आहे.