लॉगरच्या नोंदी आणणारी मॉड्यूले

दुर्गम हवामान केंद्रातला डेटा लॉगर मोजमापे टिपत राही; ती प्रयोगशाळेत आणायची कशी, हा खरा प्रश्न होता. अमेरिकेतील लोगन येथे १९७४ साली स्थापन झालेल्या कॅम्पबेल सायंटिफिकच्या जुन्या लॉगरांना त्यासाठी साधा कॅसेट रेकॉर्डर जोडत. फिरत्या भागांच्या त्या यंत्राला थंडी आणि धूळ सोसत नसे. पुढच्या एसएम१९२ आणि एसएम७१६ या मॉड्यूलांत फिरणारे काहीच नव्हते. आत रॅम आणि ती जागी ठेवणारी बॅटरी. पहिल्यात १९२ किलोबाइट, म्हणजे दोन बाइटांची सुमारे ९६ हजार मूल्ये मावत.

सीआर१० लॉगरला स्वतःचा कीपॅड नव्हता. तंत्रज्ञ तो सोबत नेई आणि नऊ पिनांच्या एकाच पोर्टवर, दोन जोडण्यांच्या केबलने, कीपॅड व मॉड्यूल दोन्ही लावी. जोडताच मॉड्यूल स्वतःहून फाइलखूण टाके, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या नोंदींची सरमिसळ होत नसे. ही सोय फार मोलाची. कीपॅडवर तारा (*) आणि ८ दाबून साठा हाताने उतरवता येई. तारा आणि ९ ने मॉड्यूलला आज्ञा देत. जागा भरल्यावर थांबायचे की जुन्यावर नवे लिहायचे, हेही आधी ठरवावे लागे. पुढे या मॉड्यूलांची जागा फ्लॅश स्मृतीच्या मॉड्यूलांनी आणि कार्डांनी घेतली.