केस गेले तर पथक, दात गेले तर नशीब

जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात यायला लागले, काही दिवसांत टक्कल पडायला लागलं, तेव्हाची गोष्ट. आपला बुलढाणा जिल्हा इतके दिवस सलग दिल्लीच्या चॅनलवर मी तरी कधी पाहिला नव्हता. पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले, आयसीएमआरचं पथक आलं. मीही रोज बातम्या पाठवत होतो. एका रात्री घरी जेवायला बसलो, टीव्हीवर तेच चालू होतं. आई ताटात भाकर दुधात कुस्करत होती. टीव्हीकडे पाहत म्हणाली,

"केस तं येतीन पुन्हा. माहे दात गेले तवा कोनी आलं व्हतं का रे पाहाले?"

मी हसलो. मग घास काही उतरेना. बावीस-तेवीस वर्षांच्या पत्रकारितेत मी दातांवर एकही बातमी केलेली नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

आईचे दात गेले १९९७-९८ मध्ये. तेव्हा ती चाळिशीची होती. लहानपणापासून मिश्री लावायची. तव्यावर भाजलेली तंबाखू, कुटून डबीत भरलेली. दात दुखला की आणखी मिश्री, हिरडी सुजली की आणखी मिश्री. तंबाखूने तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, म्हणून तेच औषध वाटायचं. शेवटी दात हलायला लागले. आमच्या गावात दातांचा डॉक्टर नव्हता. बाबा तिला एसटीने दुसऱ्या गावी घेऊन गेले. तिथे एका दुपारी एका बैठकीत पाच दात काढले. पदराचा बोळा तोंडाला लावून ती एसटीनेच परत आली. तिसऱ्या दिवशी निंदायला गेली. उरलेले दात पुढच्या दोन वर्षांत गेले. कवळी केली होती, ती बोचायची. ती अजून स्टीलच्या डब्यात आहे. माझ्या लग्नाचा अल्बम काढून बघा, एकाही फोटोत आईचं तोंड दिसत नाही. सगळीकडे पदर.

मग मी जरा शोधायला बसलो. आपल्याकडे दाताचं काम कोण करायचं?

सुश्रुतसंहितेत 'दंतशंकू' नावाचं हत्यार आहे, दातांवरचं किटण खरवडायचं. म्हणजे दात नुसता उपटायचा नाही, राखायचा, हा विचार आपल्याकडे फार जुना. पण खेड्यात पोहोचला तो उपटणाराच. आजोबा सांगायचे, आठवडी बाजारात एक माणूस पोतं अंथरून बसायचा. समोर जडीबुटी, दोन-तीन चिमटे आणि उपटलेल्या दातांचा ढीग. तो ढीग हीच त्याची पाटी आणि तीच डिग्री. दोघं जण डोकं धरायचे, एक जण गुडघ्यावर बसायचा. गुळणीला मिठाचं पाणी. बाजूला भजीचं दुकान. पोरं बघायला गर्दी करायची. आजोबांची एक दाढ तिथेच गेली, आणि म्हणे तिच्या बाजूचा चांगला दातही सोबत गेला.

युरोपातही वेगळं नव्हतं. तिकडे न्हावीच दात उपटायचे. फरक पडला भूल आल्यावर, आणि भूल आणली ती दातवाल्यांनीच. होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये हसवणारा वायू घेऊन स्वतःचाच दात काढून घेतला. पुढच्या वर्षी बोस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग केला तर रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. त्याचाच जुना भागीदार मॉर्टन, तोही दंतवैद्य. त्याने १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये ईथर देऊन दाखवलं आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं. म्हणजे आज सिझेरियन असो की बायपास, टेबलावर झोपणारा प्रत्येक जण दातदुखीचं देणं लागतो.

आता १९४८ हे साल लक्षात ठेवा. स्वीडनमध्ये १९४३ साली शोधलेलं लिग्नोकेन त्या वर्षी बाजारात आलं. आज आपण ज्याला 'सुन्न करायचं इंजेक्शन' म्हणतो ते हेच. आणि त्याच वर्षी, २९ मार्चला, आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात शिकलेले. 'ब' भागात डिग्री नसलेले, पण किमान पाच वर्षं हाच ज्यांच्या पोटापाण्याचा मुख्य धंदा होता असे. सरकारला ठाऊक होतं की शिकलेले मोजकेच आहेत, सगळ्यांना एकदम हाकललं तर लोकांचे दात कोण काढणार?

शिकलेले मोजकेच का, तर कॉलेजं मोजकी. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं, १९२० मध्ये. मुंबईत नायरचं १९३३ मध्ये. आपण वऱ्हाडातले लोक १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आलं १९६८ मध्ये, औरंगाबादला १९८२ मध्ये. बुलढाण्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, औरंगाबाद दीडशेच्या. दुखऱ्या दाढेने एसटीत बसून कोण जाणार होतं? म्हणून कायदा झाला तरी बाजारातलं पोतं काही लगेच उठलं नाही.

आता तालुक्याच्या प्रत्येक गावी दातांच्या पाट्या दिसतात. पोरं-पोरी शिकून आली, चांगलं काम करतात. मग प्रश्न सुटला का?

माझंच सांगतो. मागच्या वर्षी माझी खालची दाढ ठणकायला लागली. तीन रात्री लवंग धरून काढल्या. डॉक्टर तरुण होती, तिने एक्स-रे दाखवला, नीट समजावलं. "दाढ वाचते काका. रूट कॅनल करू आणि वर कॅप." खर्च ऐकला. त्याच महिन्यात पोराची फी होती. मी म्हटलं, काढून टाका. ती दोनदा म्हणाली, विचार करा. मी म्हटलं, काढा. दहा मिनिटं लागली, काहीही दुखलं नाही. घरी आलो तर आई दारातच.

"काहाडला?"

"हो."

ती काही बोलली नाही. दूध-भाकर कुस्करून माझ्यापुढे ठेवली.

आजोबांचं डोकं दोघांनी धरलं होतं, माझं कोणीच धरलं नव्हतं. पावणेदोनशे वर्षांत विज्ञानाने वेदना काढून घेतली. पण दात ठेवायचा की काढायचा, हे आमच्या घरात तिसऱ्या पिढीतही खिशानेच ठरवलं.

हे फक्त माझ्या घरचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये राज्याने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरला घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. सगळं चांगलंच आहे. पण एका सरकारी दवाखान्यात मी दातांची खुर्ची पाहिली, तिच्यावर फायलींचे गठ्ठे होते. तिथे दात काढून मिळतो, वाचवून मिळत नाही.

आणि आता मिश्रीच्या जागी खर्रा आणि गुटखा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे मी सांगायची गरज नाही. सुपारी कॅन्सर करते हे २००४ मध्येच जागतिक पातळीवर जाहीर झालंय. आमच्या आयांचे दात गेले. या पोरांची तोंडंच उघडेनाशी होतायत. घरी एक करून बघा, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? खर्रा खाणाऱ्या पोराला जात नसतील तर उद्याच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची चालू आहे का, आणि तिथे दात भरून मिळतो का? उत्तर मला कळवा, गावाच्या नावासकट. मी छापतो. छापलं नाही तर इथे टाकतो.

उशीर झालाय, मान्य आहे. आईचे दात काही येणार नाहीत. पण निदान कोणीतरी पाहायला आलं होतं, एवढं तरी तिला सांगता येईल.