अदम्य धातूचे गोत्र

वुल्व्हरिन या चित्रकथानायकाच्या नखांमुळे सर्वतोमुखी झालेला ‘अ‍ॅडमँटियम’ हा काल्पनिक धातू मार्व्हलच्या चित्रकथांत 1969 साली अवतरला असला, तरी त्याच्या नावाचे कुळ ग्रीक ‘अडमास’मध्ये, म्हणजे ज्याचे दमन होत नाही अशा द्रव्यात, सापडते, आणि आपल्या ‘अदम्य’मधील ‘दम्’ हा धातू त्याच घराण्यातला आहे, याचा मला अपार आनंद वाटतो. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात क्रोनस देवाचा विळा याच द्रव्याचा. पुढे हे नाव हिऱ्याकडे गेले आणि अरबी-फारसीत ‘अल्मास’ होऊन जवाहिरखान्यात दाखल झाले. हिरा मात्र धातू नव्हे, निव्वळ कार्बन. हिऱ्याच्याच जाळीतील दहा अणूंचा पिंजरा असलेल्या, 1933 साली खनिज तेलात सापडलेल्या हायड्रोकार्बनला रसायनशास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅडमँटेन’ म्हटले. हल्ली कचेरीत हेका न सोडणाऱ्यास सर्रास याच गोत्रातल्या इंग्रजी शब्दाने ‘अ‍ॅडमंट’ म्हणतात.