उष्णतारोधक पेयपात्रे (कोल्हापूर परिसर)

पेय भोवतालच्या हवेपेक्षा गरम किंवा थंड राहावे म्हणून वापरली जाणारी पात्रे. पेय आणि हवा यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण मंद करणे हे त्यांचे काम. चहाचा थर्मास, फोमच्या भिंतींचा पाण्याचा जार आणि दुधाचा टँकर ही या तत्त्वावर चालणारी लहानमोठी रूपे आहेत. मातीचा डेरा किंवा माठ खऱ्या अर्थाने उष्णतारोधक नव्हे, कारण तो उष्णता अडवत नाही, पाण्यातली उष्णता बाहेर घालवतो. तरीही घरातले त्याचे काम तेच असल्याने त्याचा विचार या नोंदीत केला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ही सर्व पात्रे आजही एकाच वेळी वापरात आहेत. कोणते पात्र कोठे उपयोगी पडते हे तिथल्या हवेवर आणि पेय किती वेळ राखायचे आहे यावर ठरते.

तत्त्व : उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. तिचे मार्ग तीन : पदार्थातून होणारे संवहन, द्रव वा वायूच्या हालचालीतून होणारे अभिसरण आणि माध्यमावाचून होणारे विकिरण (प्रारण). साध्या तांब्यात ओतलेला चहा या तिन्ही मार्गांनी निवतो. शिवाय तोंड उघडे असेल तर वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते. म्हणूनच पातेल्यावर झाकण ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक आहे. तिच्या तुलनेत काच सुमारे ४० पट, स्टेनलेस स्टील सुमारे ६०० पट, तर तांबे सुमारे १५,००० पट उष्णता वाहून नेते. लोकर, गोधडी, लाकडाचा भुसा, थर्माकोल आणि पॉलियुरेथेन फोम यांचा गुण एकच : ते हवा किंवा तिच्यासारखा मंदवाहक वायू लहान लहान पोकळ्यांत कोंडून ठेवतात आणि त्याला हलू देत नाहीत.

उष्णता जाण्याचा वेग आतील व बाहेरील तापमानांतल्या फरकावर अवलंबून असतो. बाहेर ३०° से. असताना ९०° से.च्या चहाला ६० अंशांचा फरक सोसावा लागतो. बाहेर ३५° से. असताना बर्फाच्या पाण्याला तो फक्त ३५ अंशांचा असतो. त्यामुळे एकाच बाटलीत थंड पेय गरम पेयापेक्षा जास्त वेळ टिकते. बर्फ असेल तर हा वेळ आणखी वाढतो, कारण १०० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक लिटर पाणी ८ अंशांनी थंड करण्यास एवढी उष्णता काढून घ्यावी लागते.

मातीची पात्रे : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत मातीची भांडीही होती. आज शहरातील कुंभारवस्त्यांत, विशेषतः शाहूपुरी व बापट कॅम्प भागांत, गणेशमूर्तींचे काम मोठे आहे. डेरा, माठ, रांजण, खुजा आणि लहान तोंडाची केळी ही भांडी उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतात. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान देण्याची प्रथा याच ऋतूतली आहे.

भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेरच्या बाजूला त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक लिटर पाण्यातील २० ग्रॅम अशा रीतीने उडून गेले आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेले पाणी सुमारे १२ अंशांनी थंड होऊ शकते. प्रत्यक्षात हवेतून उष्णता सतत येत असल्यामुळे हा फरक कमी पडतो.

डेऱ्याची मर्यादा हवेतील आर्द्रता ठरवते. एप्रिलच्या दुपारी हवा ३८° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त सुमारे २१° से.पर्यंत उतरू शकते. पावसाळ्यात हवा २७° से. व आर्द्रता ९० टक्के असेल, तर ही मर्यादा २६° से.च्या जवळ येते आणि डेरा निव्वळ साठवणीचे भांडे उरतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही हा फरक मोठा आहे. सह्याद्रीलगतच्या गगनबावड्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात तो सुमारे १,००० मिमी. असतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे कोरड्या शिरोळ भागात डेरा जितके महिने कामी येतो, तितके तो घाटमाथ्यावर येत नाही.

डेरा सावलीत पण वाऱ्यावर, ओल्या वाळूच्या थरावर किंवा तिवईवर ठेवतात. नवा डेरा आधी पाण्याने पूर्ण भिजवून घेतात. पाण्यातील क्षार साचून किंवा तेलकट हात लागून छिद्रे बुजली की तो पाझरेनासा होतो. दर उन्हाळ्याला नवा डेरा घेण्याची रीत त्यामुळेच पडली. आतून चकाकी दिलेले किंवा बाहेरून तैलरंग लावलेले माठ दिसायला चांगले असले, तरी पाणी गार करण्याच्या कामात कमी पडतात.

पाझर पात्राला नसेल तर तो बाहेरून देता येतो. पाणपोईच्या रांजणाला किंवा उसाच्या फडात नेलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनला ओले पोते गुंडाळतात. पोते ओले राहील तोवर तेच मातीच्या भिंतीचे काम करते. जाड कापडाच्या छागलीचेही तत्त्व हेच. चालत्या ट्रकच्या बाहेर टांगलेल्या छागलीला वारा जास्त मिळत असल्याने तिच्यातील पाणी लवकर गार होते. प्रवासात नेला जाणारा पितळी फिरकीचा तांब्या मात्र पाणी सांडू देत नाही एवढेच. धातू सुवाहक असल्याने त्यातील पाणी लवकरच हवेइतके तापते.

बर्फ आणि भुसा : यंत्राने बर्फ तयार होण्यापूर्वी भारतात अमेरिकेतून जहाजाने नैसर्गिक बर्फ येत असे. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिला माल पाठवला आणि पुढे मुंबईतही हा बर्फ विकला जाऊ लागला. चार महिन्यांच्या समुद्रप्रवासात तो टिकला तो लाकडाच्या भुश्यामुळे. बर्फाची लादी भुश्यात व गोणपाटात बांधून नेण्याची पद्धत बर्फाचे कारखाने निघाल्यावरही चालू राहिली. नंतर भुश्याची जागा हलक्या व कोरड्या राहणाऱ्या थर्माकोलने घेतली. भुसा ओला झाला की पोकळ्यांत पाणी शिरते, आणि पाणी हवेच्या २० पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. हाच त्याचा मुख्य दोष होता.

निर्वात पात्राचा शोध : स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दुहेरी भिंतींचे व मधली हवा काढलेले काचपात्र तयार केले. चहाशी त्याचा काही संबंध नव्हता. उणे १८३° से.ला उकळणारा द्रव ऑक्सिजन प्रयोगासाठी टिकवून ठेवणे हा हेतू होता. ड्यूअर यांनी एकस्व घेतले नाही. राइनहोल्ट बुर्गर या जर्मन काचकारागिराने पात्राला धातूचे संरक्षक कवच व आतील आधार देऊन ते घरगुती वापरास योग्य केले, आणि १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ या नावाने कंपनी निघाली. ड्यूअर यांनी पुढे न्यायालयात दाद मागितली, पण निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. जपानच्या निप्पॉन सान्सो या कंपनीने १९७८ मध्ये स्टेनलेस स्टीलची निर्वात बाटली आणली आणि काच फुटण्याचा प्रश्न मिटला.

रचना : काचेच्या थर्मासमध्ये दोन बाटल्या एकात एक बसवून त्या फक्त गळ्याशी जोडलेल्या असतात. मधल्या पोकळीच्या भिंतींवर रासायनिक क्रियेने चांदीचा पातळ थर चढवतात, हवा खेचून घेतात आणि बुडाशी असलेली नळी वितळवून बंद करतात. तिचे टोक बुडाला लहान बोंडीसारखे दिसते. ते मोडले की आत हवा शिरते आणि बाटली निकामी होते.

हवा थोडीफार काढून उपयोग होत नाही. दाब निम्म्यावर आणला तरी वायूची उष्णतावाहकता जवळजवळ तेवढीच राहते. साध्या दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर जातो. दाब दहा लाखाव्या भागावर आणला की हे अंतर काही सेंटिमीटर होते, म्हणजे दोन भिंतींतील फटीपेक्षा मोठे. त्यानंतरच दाब जितका कमी तितकी वाहकता कमी होत जाते. निर्वाताने संवहन व अभिसरण थांबते, विकिरण थांबत नाही. ते चांदीचा थर परत फिरवतो. उरलेली उष्णता प्रामुख्याने गळ्यातून आणि बुचातून जाते. अरुंद तोंडाचा थर्मास रुंद तोंडाच्या डब्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो तो यामुळे. स्टीलच्या बाटलीत गळ्याचा पत्रा पातळ ठेवतात. स्टेनलेस स्टील धातूंमध्ये मंदवाहक असल्याने या कामाला ते तांब्यापेक्षा योग्य ठरते.

फोमचे जार व कॅन निर्वाताइतके परिणामकारक नसतात, पण स्वस्त, मोठे आणि धक्के सोसणारे असतात. दुकाने, कार्यालये व लग्नसमारंभांत पोहोचवले जाणारे थंड पाण्याचे जार याच प्रकारचे. फिरत्या चहावाल्याकडील तोटीच्या स्टीलच्या डब्यातही बहुधा दोन भिंतींमध्ये फोम असतो.

महाराष्ट्रातील उत्पादन : काचेच्या उद्योगाची राज्यातील परंपरा स्वदेशी चळवळीपर्यंत जाते. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. कोल्हापूरच्या वाटेवर कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये निघालेला ओगले काच कारखाना प्रभाकर कंदिलासाठी प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात तळेगावच्याच ईगल फ्लास्क कारखान्याचे थर्मास घरोघरी पोहोचले. रुग्णालयातील नातेवाइकाला चहा-दूध नेण्यासाठी आणि रेल्वेप्रवासासाठी एक थर्मास घरात असे, आणि आतली काच फुटली तर तेवढीच बदलून मिळे. पुढे मुंबईच्या मिल्टन व सेलो या नाममुद्रांनी प्लॅस्टिक-फोमची व नंतर स्टीलची पात्रे प्रचारात आणली.

दूध : कोल्हापूर हा राज्यातील प्रमुख दुग्धोत्पादक जिल्हा आहे, आणि पेय राखण्याच्या प्रश्नाची दोन टोके येथे दिसतात. शहरातील गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते. ते दूध तिथल्या तिथे पितात, त्यामुळे राखण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या टोकाला ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ (स्थापना १९६३) आणि वारणानगरचा वारणा दूध संघ आहेत. त्यांचे दूध पुण्या-मुंबईपर्यंत जाते.

धार काढताना दुधाचे तापमान ३८° से.च्या आसपास असते. जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी ते लवकरात लवकर ४° से.पर्यंत उतरवावे लागते. हे काम शीतकरण यंत्राचे. उष्णतारोधक टाकी ते करू शकत नाही. टँकर फक्त आधीच थंड केलेले दूध थंड ठेवतो. त्याच्या स्टीलच्या दोन भिंतींमध्ये फोम भरलेला असतो. त्याला निर्वाताची गरज पडत नाही, कारण आकार वाढला की प्रत्येक लिटरमागील पृष्ठभाग घटतो. दहा हजार लिटरच्या टाकीत तो एक लिटरच्या बाटलीच्या सुमारे विसाव्या भागाइतका असतो, म्हणून रात्रीच्या प्रवासात दुधाचे तापमान फारसे चढत नाही.

निवड व निगा : उन्हाळ्यात घरच्या पिण्याच्या पाण्याला डेरा पुरेसा आहे, त्याला वीज लागत नाही. बरोबर नेण्यासाठी स्टीलची निर्वात बाटली सर्वांत टिकाऊ. समारंभाला व दुकानाला फोमचा जार परवडतो. गरम पेय भरण्यापूर्वी बाटली उकळत्या पाण्याने काही मिनिटे तापवून घेतल्यास अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन-तीन अंशांचा फायदा होतो. बाटली पूर्ण भरावी; अर्धी भरल्यास उष्णता जवळजवळ तेवढीच जाते, पण पेय कमी असल्याने ते लवकर निवते. भरलेल्या बाटलीचे बाहेरचे अंग गरम लागू लागले तर निर्वात गेला असे समजावे. अशी बाटली दुरुस्त होत नाही.

दूध किंवा दुधाचा चहा थर्मासमध्ये तासन्‌तास ठेवू नये. तापमान ६०° से.खाली उतरले की कोमट दुधात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि थर्मास ते तापमान टिकवून त्यांना मदतच करतो. लहान मुलाच्या दुधासाठी थर्मासमध्ये गरम पाणी नेऊन दूध ऐन वेळी तयार करणे सुरक्षित. बुचाच्या रबरी कडीत साय अडकते, म्हणून ती काढून धुवावी. फसफसणारी पेये घट्ट बुचाच्या बाटलीत भरू नयेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून घरगुती उष्णतारोधक फ्लास्क, बाटल्या व डबे यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे केले आहे. खरेदी करताना पात्रावर आयएसआय चिन्ह आहे याची खात्री करावी.