देवावरची भिस्त (मराठी ख्रिस्ती जीवनात)

देवावरची भिस्त : पैसाअडका, जमीनजुमला, पगार आणि आश्रयदाते यांच्यापेक्षा देवाच्या पुरवठ्यावर आयुष्य टेकवण्याची ख्रिस्ती वृत्ती व तिच्यावर उभी राहिलेली जीवनपद्धती. मराठी मंडळ्यांत हिला साधेपणाने ‘विश्वासाने चालणे’ म्हणतात. ‘प्रभू पुरवतो’ आणि ‘यहोवा यिरे’ हे तिचे रोजच्या बोलण्यातले शब्द. यांपैकी दुसरा उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातला आहे. मुलाच्या जागी बळी द्यायला मेंढा मिळाला तेव्हा अब्राहामाने त्या जागेला हे नाव दिले.

शास्त्राधार मुख्यतः डोंगरावरील प्रवचनाचा (मत्तय, अध्याय ५ ते ७). कसर आणि जंग लागणारे धन, पेरणी-कापणी न करणारी पाखरे, सूत न कातणारी रानातली भूकमळे ही उदाहरणे तिथली. त्यांच्या जोडीला लूकने सांगितलेला मूर्ख श्रीमंत येतो. पीक उदंड आले म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री मरतो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवाही येते. मात्र पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात धनवानाला धन फेकून द्यायला सांगितलेले नाही. धनावर आशा ठेवू नकोस आणि दानात उदार हो, एवढेच सांगितले आहे. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत असे. कष्ट सोडणे म्हणजे विश्वास, असा अर्थ या परंपरेत मुळातच नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातली मोठी माणसे या बाबतीत फार काटेकोर होती.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्तींना हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या दिवशीच भेटला. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, जात आणि एकत्र कुटुंबातला वाटा एकाच वेळी हातचा जाई. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी कंपनी सरकारने १८५० साली कायदा केला. कागदावर हक्क राहिला, पण जिथे उंबरठ्यावर पाय ठेवता येत नव्हता तिथे कज्जा करून वाटा मिळवणे अनेकांच्या मनालाही पटत नव्हते. अशा माणसाला मिशन आसरा देई. तो शाळामास्तर किंवा उपदेशक होई, त्याची पत्नी बायबलबाई होई आणि कुटुंबाला आवारात खोली मिळे. त्या काळी हे आवश्यकच होते. पण त्यातून एक नवी सुरक्षितता तयार झाली, ती पगारपत्रकाची. मराठी ख्रिस्तींना श्रीमंतीचा मोह पडण्याइतकी श्रीमंती क्वचितच मिळाली. त्यांची खरी कसोटी महिन्याच्या पगारावर आणि परदेशी वर्गणीवर झाली. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या व्यक्तींचे मोठेपण कळत नाही. निळकंठशास्त्री गोऱ्हे (नहेम्या गोऱ्हे, १८२५–१८९५) हे त्यांतले आधीचे. काशीच्या शास्त्रार्थात मुरलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती झाल्यावरही वैराग्यानेच राहिला.

पंडिता रमाबाई आणि मुक्ती. या वृत्तीचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. त्याची सुरुवात ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी, भुकेत झाली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकू दिले आणि तीर्थयात्रा, पुराणकथन व दानधर्म यांत होते नव्हते ते संपवले. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळाच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकत राहिले. वडिलांविषयी रमाबाईंनी नेहमी प्रेमाने आणि आदराने लिहिले. पण एक गोष्ट त्यांनी त्या दुष्काळात पाहून ठेवली होती. अमुक दान केले, अमुक व्रत केले, आता देव परतफेड करील, असा हिशेब मांडून बसलेला माणूस अन्न संपल्यावर आतूनही रिकामा होतो.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेतल्या हितचिंतकांनी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन केली. विधवांसाठीच्या संस्थेचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे तिने कबूल केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही संस्था, शारदा सदन, उघडली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून इथल्या सल्लागार मंडळातल्या थोर मंडळींनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. अमेरिकेची मदतही दहा वर्षांपुरतीच होती. गावातला आश्रय गेला होता आणि बाहेरचा पुढे संपणार होता.

याच काळात त्यांच्या वाचनात तीन माणसांचे वृत्तांत आले. पहिला ब्रिस्टॉलच्या अनाथाश्रमाचे जॉर्ज म्यूलर यांचा, दुसरा चायना इनलँड मिशनचे हडसन टेलर यांचा आणि तिसरा न्यू हेब्रिडीज बेटांवरच्या जॉन पेटन यांचा. म्यूलर यांनी कुणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुले वाढवली होती. हे हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंना पडला. त्याचे उत्तर त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या रेल्वेमार्गावरच्या केडगाव येथे दिले. तिथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. अमेरिकेची मदत थांबली तर सदनाचा खर्च बागेतून निघावा, हा हेतू होता. विश्वासाने चालणारी बाई आधी विहीर खणते, हा क्रम महत्त्वाचा आहे.

झाडे फळाला येण्याआधीच दुष्काळ आला. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे मरत होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्यांतल्या कितीतरी उपाशी, आजारी आणि छळलेल्या होत्या. एवढ्या जणींना पुरेल इतका पैसा हाताशी नव्हता. पुण्यात प्लेग होता, म्हणून वस्ती केडगावलाच झाली. तीच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे रोज किती धान्य, किती सरपण, किती पाणी, याचा विचार वाचकाने क्षणभर करावा. रमाबाईंच्या विश्वासाची उंची त्या भांड्यांच्या मापाने कळते.

पैसा आला तो मुख्यतः इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून. यावरून दोन आक्षेप घेतले गेले. दुष्काळात पोटासाठी माणसे ख्रिस्ती केली, हा एक. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेने देवावर भिस्त असल्याचे म्हणू नये, हा दुसरा. पहिला आक्षेप त्या काळच्या अनेक मिशनांना विचारलाच पाहिजे, कारण उपाशी माणसाच्या निवडीला पूर्ण मोकळीक नसते. दुसरा मात्र टिकत नाही. रमाबाईंनी पैसा नाकारला नव्हता. उद्याच्या पैशाची हमी असल्याशिवाय आजच्या मुलीला दारातून परत पाठवायचे नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते. शिवाय मुक्तीत कुणी हातावर हात ठेवून बसत नसे. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना हे सारे त्या बायकाच चालवत.

१९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिच्या नावातच ‘आमचा अक्षय निधी’ असे शब्द आहेत. जिच्या घरात कधीकाळी शेवटचे नाणे संपले होते, तिने हे नाव निवडले. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. काम पुढे तिच्या हाती द्यायचे, हा आधारही त्यामुळे उरला नाही. हिब्रू व ग्रीकवरून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर पुरे करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.

ना. वा. टिळक. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर त्यांची बरीच वर्षे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेली. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, दिसेल त्या गरजूला तो जाई. त्याची झळ घरात कुणाला बसे, हे पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावे. देवावर भिस्त ठेवणाऱ्या पुरुषाच्या घरी चूल कोण पेटती ठेवते, ही बाजू धार्मिक चरित्रांत सहसा येत नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहून ठेवली, हे मराठीचे भाग्य. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे बंधू मानले जाणार होते. पगार घेणारा उपदेशक लोकांच्या नजरेत परक्याचा नोकर ठरतो, हे त्यांना नेमके कळले होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार मूळ धरण्याआधीच थांबला. तरी स्वावलंबी देशी मंडळीची कल्पना त्यांच्याइतकी स्पष्ट त्या पिढीत दुसऱ्या कुणी मांडली नाही.

तेलंगण व आदिलाबाद. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात. ख्रिस्ती कामाची घडीही तिथे सीमेला जुमानत नव्हती. चांदा (चंद्रपूर) भागाचे सिरो-मलबार कॅथलिक मिशन १९६२ पासून केरळच्या सीएमआय या कार्मेल संघाकडे आले. आदिलाबाद जिल्हा त्यातच होता. १९९९ मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला. त्याचे पीठ मंचेरियाल येथे असून पहिले बिशप याच संघाचे जोसेफ कुन्नत होते. येथे देवावरची भिस्त व्रताच्या रूपात दिसते, कारण संघाचा सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेतो व खासगी मालमत्ता ठेवत नाही. संघाचे एक संस्थापक संत चावरा यांनी केरळात प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर बाजूला काढण्याची प्रथा रुजवली होती. त्या मुठींवर शाळेतली गरीब मुले जेवत.

प्रॉटेस्टंट बाजूने हैदराबादच्या ‘हेब्रोन’ या बख्तसिंग यांच्या मंडळीचा प्रभाव तेलुगू भागात मोठा आहे. बख्तसिंग (१९०३–२०००) हे मूळचे पंजाबी शीख. ते पगार घेत नसत, कामासाठी माणसांकडे पैशाचे आवाहन करत नसत आणि परदेशी मिशनवर अवलंबून राहत नसत. त्यांच्या मोठ्या संमेलनांत हजारो लोकांना जेवण मिळे, ते मंडळीच्याच अर्पणातून.

अलीकडे या शिकवणीची एक विकृती सभांमधून ऐकू येते. दशमांश द्या, म्हणजे देव गाडी, घर आणि नोकरी दुप्पट करून देईल, असे सांगितले जाते. आदिलाबाद, यवतमाळ, चंद्रपूर या कापसाच्या पट्ट्यात, जिथे एक पाऊस चुकला की वर्ष बुडते, तिथे असे बोलणे क्रूर आहे. हा विश्वास नव्हे, सौदा आहे. सौद्यावर बसलेल्या घराचे काय होते, हे रमाबाईंनी स्वतः पाहिले होते. दुष्काळाचे त्यांचे अनुभव १८९७ साली प्रसिद्ध झाले आणि साक्ष दहा वर्षांनी. ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी ही दोन लेखने याच क्रमाने वाचावीत.