खर्ड्याचा सूड

श्रोतेहो, कड्याहून पूर्वेची वाट धरली की आष्टी लागते, आष्टीपुढे जामखेड आणि जामखेडपुढे खर्डा. आपल्यापैकी अनेकांनी तो निंबाळकरांचा किल्ला पाहिला असेल. ११ मार्च १७९५ रोजी त्याच्या आसमंतात मराठे आणि निजाम यांची जी लढाई झाली, तिची हकीकत या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. निजामाच्या दिवाणाने नाना फडणविसांचा अपमान केला, मराठे चालून गेले, निजाम शरण आला, दिवाण कैद झाला, अशी ती चार वाक्यांत सांगितली जाते आणि तेथेच संपविली जाते.

सूडाच्या गोष्टी लोकांना अशाच आवडतात. पूर्वी त्या फडावर आणि नाटकगृहात रंगत. आता दूरचित्रवाणीवर रंगतात. थायलंडसारख्या दूरच्या देशातही द्वेषाच्या आणि सूडाच्या मालिका लोक रोज रात्री डोळे लावून पाहतात. अशा गोष्टीत एक मोठी सोय असते. अपमान कोणी केला हे आरंभीच कळते आणि त्याचा हिशेब चुकता झाला की पडदा पडतो. इतिहासात पडदा पडत नाही. ज्याला खाली मान घालावयास लावले तो माणूस दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. खर्ड्याचा तो माणूस पुढे नऊ वर्षे जगला, आणि त्या नऊ वर्षांत त्याने काय केले हेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

त्याचे नाव गुलाम सय्यद खान. मुशीर-उल-मुल्क, अझीम-उल-उमरा आणि पुढे अरस्तू जाह या किताबांनी तो प्रसिद्ध आहे. भांडणाचे मूळ पैशात होते. चौथाई-सरदेशमुखीची थकबाकी निजामाकडे वर्षानुवर्षे तुंबली होती आणि पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेस तिचा तगादा लावीत होते. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे वारले. पुण्याचा एक मोठा खांब पडला असे हैदराबादेत सर्वांना वाटले. मग भाषाही बदलली. हिशेब समजावून देण्यास नानांनी स्वतः दरबारात यावे, असे दिवाणाने काळ्यांस सुनावले. ते येणार नाहीत असे काळे म्हणताच, त्यांना कसे आणावयाचे ते आम्ही दाखवू, अशा अर्थाचे उत्तर दिले. बीदरच्या छावणीत तर पेशव्यांना लंगोटी लावून काशीस धाडण्याच्या बाता चालत होत्या. हे सारे ग्रँट डफने नमूद केले आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील; पण पुण्यात ते पोहोचले आणि तापले, यात संशय नाही. आकड्यांचे भांडण पंचापुढे नेता येते. अपमानाला पंच मिळत नाही.

लढाईविषयी आम्ही फार बोलणार नाही. दोन्ही बाजूंस लाखाच्या घरात फौज होती. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आले. असे एकत्र येणे पुन्हा झाले नाही. पण एवढ्या फौजांच्या मानाने माणसे मेली फार थोडी. परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, विठ्ठलराव पटवर्धन पडले. निजामाकडे फ्रेंच सेनापती रेमाँ याची कवायती पलटणे होती आणि ती बरी लढलीही. तरी रात्री निजामाचा धीर सुटला. घोड्यांना पाणी शोधीत फिरणारे काही मराठे स्वार एका ओढ्याशी निजामाच्या चौकीवर आले, गोळीबार झाला, आणि त्या गोंधळात सगळी छावणी उठून खर्ड्याच्या आश्रयास गेली, असे डफ लिहितो. किल्ल्यात पाण्याचे हाल सुरू झाले तेव्हा तहाची बोलणी निघाली.

त्या तहात दौलताबाद मिळाले, परिंड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख मिळाला, तीन कोटी रुपयांचा करार झाला. राज्याला उपयोगी अशी ही कलमे होती. पण मराठ्यांचा पहिला आग्रह होता तो मुशीर-उल-मुल्कला आमच्या स्वाधीन करा हा. आमच्या मते खर्ड्याच्या साऱ्या पुढच्या कथेची गुरुकिल्ली या एका कलमात आहे. मुलूख घेतला तर तो कसता येतो, पैसा घेतला तर फौजेला वाटता येतो. शत्रूचा दिवाण घेऊन करावयाचे काय? तो मारावयाचा नव्हता. नाना तसे करणारे नव्हते. त्याला मानाने वागविले, पहाऱ्यात ठेविले आणि पुण्यास आणले. म्हणजे पुण्याच्या राजकारणाचा सगळा मांड जवळून न्याहाळण्याची सोय आपणच आपल्या हुशार वैऱ्याला करून दिली.

विजयाच्या जल्लोषात एकच माणूस उदास होता असे सांगतात, तो म्हणजे वीस वर्षांचा सवाई माधवराव. नानांनी कारण विचारले तेव्हा त्या तरुण पेशव्याने सांगितले की एका बाजूने इतकी लाजिरवाणी शरणागती आणि दुसऱ्या बाजूने फारसे न लढता मिळालेल्या जयाची इतकी घमेंड, हे पाहून मला दुःख होते. ही आठवण डफनेच दिली आहे. आमच्या सूडकथांत हे पात्र सहसा येत नाही, कारण त्याने कथेचा रंग जातो.

आठ महिनेही गेले नाहीत. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडून वारले. गादीवर कोण, या प्रश्नाने पुणे फाटले. नाना महाडास जाऊन बसले आणि ज्याला तो ज्याच्या त्याच्याशी सौदा करू लागला. आता कैदी दिवाणाची किंमत एकाएकी वाढली. हैदराबादची फौज ज्याच्या बाजूस झुकेल त्याचे पारडे जड होणार होते. ८ ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या करारात नानांनी खर्ड्यास मिळविलेला मुलूख व उरलेली रक्कम निजामाला सोडण्याचे कबूल केले. दीड वर्षापूर्वी ज्याला कैद करण्याचा एवढा हट्ट, त्याच्याच मध्यस्थीने हे घडले. पुढे बाजीरावांनी हा करार पाळण्यास टाळाटाळ केली आणि १७९७ मध्ये मुशीर-उल-मुल्क रागावून पुण्याहून हैदराबादेस परतला व पुन्हा दिवाण झाला.

त्याच्या मनात पुण्याविषयी काय होते हे त्याच्या पुढच्या कृतीवरून दिसते. खर्ड्याच्या वेळी गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने निजामाला मदत नाकारली होती. आता वेलस्ली आला होता. १ सप्टेंबर १७९८ रोजी हैदराबादेने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, रेमाँने उभारलेली फ्रेंच पलटणे मोडली, आणि या तहामागे दिवाण होता तो खर्ड्याचा कैदीच. मराठ्यांचे भय हे त्याचे मोठे कारण. ते भय त्याने कोणाच्या तोंडून ऐकलेले नव्हते.

इकडे पुण्यात दुसरा सूड शिजत होता. बाजीरावांचे तरुणपण नानांच्या नजरकैदेत गेले होते. १७९७ च्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या छावणीत नानांना दग्याने पकडण्यात आले. पुढे ते सुटले, पण १३ मार्च १८०० रोजी वारले. एप्रिल १८०१ मध्ये पुंडाई करणाऱ्या विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले आणि बाजीराव शनिवारवाड्यातून ते पाहत होते. विठोजीचा भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास शिंदे-पेशव्यांची फौज मोडली आणि बाजीराव वसईस इंग्रजांकडे पळाले. नानांनी मुशीरला कैदेत ठेवून मानाने वागविले आणि बाजीरावांनी विठोजीला हत्तीखाली घातले, या दोहोंत महदंतर आहे; नानांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि दोन्ही वेळी दुखावलेला माणूस अथवा त्याचा भाऊ उरला होता, आणि दोन्ही वेळी शेवटी कागदावर सही झाली ती इंग्रजांच्या तहावर.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यातील तैनाती फौजेच्या कलमाकडे सर्वांचे लक्ष जाते. पण त्यात आणखी एक कलम आहे: निजामाशी जे वाद असतील त्यांत पेशव्यांनी कंपनीची मध्यस्थी मानावी. ज्या चौथाईसाठी गोविंदराव काळे हैदराबादेत तगादा करीत होते, ज्या हिशेबाच्या बोलण्यातून तो अपमान निघाला, ती चौथाई आता कलकत्त्याच्या साहेबापुढे गेली. मुशीर-उल-मुल्क १८०४ मध्ये वारला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तिचे हक्क कंपनीकडे गेले. १८२२ च्या तहाने कंपनीने निजामाला चौथाईच्या देण्यातून कायमचे मोकळे केले. बीड जिल्ह्याचा वसूल त्यानंतरही, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हैदराबादेसच जात राहिला.