उळवीच्या पावसात तंबाखू

मृग लागला की घाटातल्या आमच्या उळवी गावात आधी मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मग पापड सादळतात, काडीचा गुल मऊ पडून पेटीवर नुसता घासला जातो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं वाकडी होतात. अशा गावात सिगारची पेटी ठेवायची तर जगभर जे करतात त्याच्या उलट करावं लागतं. लंडन-न्यूयॉर्कला हिवाळ्यात घर तापवतात, हवा कोरडी पडते, म्हणून तिथल्या पेटीत पाण्याची सोय असते. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. आषाढात आमच्या पडवीतला काटा 90च्या पलीकडे जाऊन बसतो. इथे पेटीचं काम पाणी अडवण्याचं.

माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. सिगारचा खोका त्यानेच आणून दिला आणि वर सांगितलं, ‘‘मामा, आत ओला स्पंज ठेवा, नाहीतर वाळून भुगा होईल.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, स्पंज तुझ्या बोटीवर राहू दे. मला इथे पावसाळा काढायचाय.’’

तंबाखू या मुलखात आली तेव्हापासून तिला ओल किती द्यायची आणि किती नाही, हा इथल्या माणसांचा रोजचा विचार आहे. त्याचा इतिहास कुणी वेगळा लिहून ठेवलेला नाही, पण जुन्या नोंदींत तो डोकावतो. अकबराचा वकील असदबेग 1604च्या सुमारास विजापूरला आला होता. इब्राहिम आदिलशहाच्या मुलीचा शहजादा दानियालशी विवाह ठरला होता, तिला न्यायला तो आला. तिथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत त्याने ती कधी पाहिली नव्हती. परतताना त्याने ती सोबत घेतली आणि बादशहापुढे चांदीच्या तबकात मांडली. रत्नं जडवलेली लांब नळी, ती ठेवायला मखमल चढवलेलं चांदीचं नळकांडं, आणि खुद्द आदिलशहाने दिलेला सुरेख कारागिरीचा पानाचा बटवा. त्या बटव्यात तंबाखू भरलेली होती. एक पान पेटवलं की बाकीची आपोआप जळत राहील अशी ती होती, असं असदबेग लिहून गेला आहे. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, ही पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला त्या बटव्याचं अप्रूप आहे. विजापूरहून आग्र्यापर्यंतचा प्रवास करून पान तसं जळत असेल, तर ते ना वाळून भुसा झालं होतं, ना सर्द झालं होतं. आपल्याकडे तंबाखू सांभाळून नेल्याची याहून जुनी नोंद मला ठाऊक नाही, आणि ती आपल्या पानाच्या बटव्याची आहे याचा मला आनंद वाटतो.

पुढे 1617मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. ती टिकली नाही.

आमच्या घाटाखाली गोव्यात पोर्तुगीजांनी तंबाखूचा मक्ता सरकारी करून टाकला आणि त्याचे लिलाव केले. त्यांच्याकडे ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून माल येई. पानं पिळून जाड दोरासारखी वळायची, त्यावर काकवी माखायची, मोठाली वेटोळी करायची आणि कातड्यात बांधून जहाजात टाकायची. समुद्रावर महिनोन्‌महिने काढायचे असत. काकवीमुळे पान आतून मऊ राही आणि खारी हवा कातड्याबाहेर अडे. काकवी आणि कातडं एवढ्यावर त्या लोकांनी दोन महासागर पार केले.

माझं आजोळ निपाणीचं. आजोबा वखारीत माल पारखायला होते, त्यामुळे तंबाखूची ओल मी त्यांच्या हातात पाहिली आहे. निपाणी भागात विडीची तंबाखू होते, काळ्या रानात, पावसाच्या ओलीवर. तरवा पावसाळ्याच्या तोंडाशी टाकतात, मग लावण होते, पुढे शेंडा खुडतात, बगलफूट काढत राहतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. संक्रांतीच्या आसपास पानावर तांबूस टिपके उठले की पीक तयार झालं. कापलेलं पीक रानातच उन्हात वाळवतात. आता खरी गंमत अशी, की वाळलेल्या पानाला दुपारी हात लावता येत नाही. लावला की चुरा. म्हणून माणसं पहाटे अंधारात रानात जातात. रात्रभर दव पडलेलं असतं, पान तेवढ्यापुरतं लवचीक झालेलं असतं, न मोडता वाकतं. सूर्य वर यायच्या आत गोळा करायचं. माझ्या मामांच्या रानात कंदील घेऊन चाललेलं हे काम मी लहानपणी पाहिलं आहे. दवाची ती ओल पेटीतल्या यंत्राने मोजता आली असती, तर काटा कुठे थांबला असता हे मला आजही जाणून घ्यावंसं वाटतं.

आजोबांची परीक्षा साधी होती. पान मुठीत घ्यायचं, हलकेच दाबायचं, मूठ उघडायची. पान सावकाश उलगडत मूळ जागी आलं तर माल बरोबर. गोळा होऊन तसंच राहिलं तर सर्द. कुरकुरलं तर सुकी. पुढे वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचे मोठे गठ्ठे, रचताना खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. थप्पी अधूनमधून पालटायची, खालचे बोद वर, वरचे खाली, कारण दाबाखालचा माल तापतो. आजोबा बोदात कोपरापर्यंत हात घालून थांबत. आत ऊब लागली की हमालांना हाक.

ही विद्या कुणाच्या हाती होती यावर पैसा ठरत असे. सर्द माल वजनाला भरतो, सुका माल हलका पडतो, त्यामुळे ओलीवरून भाव पाडता येतो. शेतकऱ्याच्या घरात पावसाळाभर माल धरून ठेवण्याची जागा नव्हती. वळीव यायच्या आत विकण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. व्यापाऱ्याकडे वखार होती, तो थांबू शकत होता. 1981च्या मार्चमध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळुरू हमरस्ता अडवला, महामार्गावरच ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्या लढ्याकडे मी भावाचा लढा म्हणून बघतो, तसाच साठवणुकीचा लढा म्हणूनही बघतो. आणि वखारीत जर्दा चाळणाऱ्या बायका? दिवसभर खकाणा छातीत घेऊन त्या संध्याकाळी खोकत घरी जात. तंबाखूचा कुठलाही इतिहास त्यांच्याशिवाय लिहू नये. महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरण चालवत, आणि हे कष्टकरी जग त्यांनी मराठी कथेत आणलं.

निपाणीचं हे पीक निघतं आणि त्याच सुमाराला आमच्या उळवीची जत्रा येते. माघी पौर्णिमेला चन्नबसवेश्वराचा रथ निघतो. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणातून निघालेले त्यांचे अनुयायी, शरण, या रानात आले, चन्नबसवण्णांची समाधी इथे आहे. धारवाड, बेळगाव भागातून अजूनही बैलगाड्या सजवून लोक येतात. आमचं घर लिंगायत, मराठी बोलणारं, आजोबाही गाडी घेऊन यायचे. जत्रेत हवा कोरडी असते, तंबाखूला धोका नसतो. पण येणाऱ्यांनी आणलेली तंबाखू इथल्या लोकांना पुढचा पावसाळा पुरवायची असे. सुप्याच्या बाजारालाही ती मिळे. ते सुपे गाव आता काळी नदीच्या धरणात गेलं, धरण 1987मध्ये पुरं झालं, आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं.

इथल्या घरांतून तंबाखू चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. बी-बियाणं, सुकी मासळी, मिरची, सगळं तिथेच. धुराने हवा कोरडी राहते, कीड लागत नाही. रोजच्या वापराची तेवढी चंचीत. ओढायची तर कुंभ्याच्या किंवा आपट्याच्या वाळक्या पानात गुंडाळायची. माळ्यावरची तंबाखू फार वाळली, तर रात्री केळीच्या पानात बांधून ठेवली की सकाळी मऊ. पेटीत ओल कमी-जास्त करायला आज जी रसायनाची पाकिटं मिळतात, त्यांचं काम धूर आणि केळीचं पान मिळून करत होते.

मला पेटीही इथल्याच लाकडाची मिळाली. परदेशात सिगारच्या पेटीला आतून ज्याचं अस्तर देतात ते ‘स्पॅनिश सीडर’ देवदाराच्या कुळातलं मुळीच नाही, ते कडुनिंब-महोगनीच्या कुळातलं झाड आहे. त्याचा अगदी जवळचा नातलग म्हणजे आपली तून. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ तर दोघांना एकाच नावाखाली, सेड्रेला म्हणून धरत. तून आमच्या घाटातल्या रानात वाढते. लाकूड तांबूस, हलकं, वासाचं, किडीला न आवडणारं. चहाची खोकी आणि सिगारचे डबे याचेही करत. आजोबांनी सुप्याच्या सुताराकडून करून घेतलेली कपड्यांची एक पेटी आमच्याकडे आहे. तिच्यातला एक खण वेगळा करून झाकण नीट बसवून घेतलं. आत पॉलिश नाही, रंग नाही, डिंकसुद्धा नाही. लाकडाला श्वास घेता आला पाहिजे.

आर्द्रतामापक आणला तर त्यावर लगेच भरवसा ठेवू नये. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावं, ते नुसतं चिखलासारखं होईल एवढंच पाणी घालावं, मापकासोबत हवाबंद पिशवीत ठेवून एक दिवस जाऊ द्यावा. काटा 75वर यायला हवा. जितका पुढे-मागे असेल तितकं कायम लक्षात ठेवायचं. उन्हाळ्यात कोरड्या गावी पेटी वापरण्याआधी आतून शुद्ध पाण्याच्या फडक्याने पुसून लाकूड तृप्त करतात, नाहीतर लाकूडच सिगारची ओल पितं. उळवीत मी ते केलं नाही, उलट पेटी माघातल्या उन्हात तापवून घेतली. आत 65 टक्क्यांचं दुहेरी पाकीट ठेवतो. ते जास्तीची ओल शोषतं, कमी पडली तर देतं. श्रावणापर्यंत ते फुगून जड होतं, मग बदलायचं. झाकण पावसाच्या दिवसांत उघडत नाही, उघडलंच तर दुपारी, पाऊस थांबलेला असताना.

दुसरी काळजी किडीची. हळदीला, सुक्या मिरचीला जो बारीक तपकिरी भुंगेरा लागतो तोच तंबाखूलाही लागतो. हवा उबदार झाली की त्याची अंडी फुटू लागतात, आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून आलेला खोका आधी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर, असं सावकाश आणायचं. एकदम बाहेर काढलं की वरचं पान तडकतं. पांढरी बुरशी दिसली तर ती सिगार वेगळी करायची, बाकीच्या तपासायच्या.

परवा एक सिगार काढून आजोबांसारखी अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबली. दबली आणि पुन्हा जागेवर आली. यंत्राचा आकडा नंतर पाहिला.

तंबाखूने माणसं मरतात, हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीत तोंडाच्या कॅन्सरने गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कुणा तरुणाला मी ही सवय लावणार नाही. पण पान सांभाळण्याची ही विद्या निपाणीच्या रानात, वखारीत आणि घाटातल्या माळ्यांवर माणसांनी कष्टाने कमावलेली आहे. ती आता म्हाताऱ्या हातांतच उरली आहे. तुमच्या घरी वखारीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना विचारून लिहून ठेवा. आणि माळ्यावर तुनीची जुनी पेटी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका.